पोटातल्या बाळाचा चेहरा आणि पाचव्या महिन्याची सोनोग्राफी



किनवटकडून नांदेडला तपासणीसाठी येणाऱ्या आदिवासी भगिनींना मी मुदखेड स्टेशनवर भेटते आणि पुढे दवाखान्यात सोबत करते. गेल्या पावसाळ्यात एका कोलाम पोडावरची बाई चार दिवसांचे बाळ घेऊन आली. बाळाचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेला होता. पाजलेले दूध नाकातून परत येई. बाळ सुकत चालले होते. "ताई, ग्रहणात मी विळीवर भाजी चिरली, म्हणून असं झालं," एवढेच ती म्हणत होती. घरच्यांनीही तेच तिच्या माथी मारले होते.

यात ग्रहणाचा संबंध नाही आणि आईचा अपराध नाही. गर्भाचा ओठ पहिल्या दोन महिन्यांतच जुळतो, टाळू त्यानंतर. कधी ही जुळणी अपुरी राहते.

18 ते 20 आठवड्यांच्या सोनोग्राफीत ओठाची फट बहुधा दिसते. डॉक्टर समोरून नाकपुड्या व ओठ आणि बाजूने हनुवटी पाहतात. बाळाने तोंड फिरवले असेल, तर आईला थोडे चालून यायला सांगतात. शेवटच्या महिन्यांत बाळ दाटीने बसते, चेहरा नीट दिसत नाही. या बाईची एकच सोनोग्राफी झाली होती, तीही नवव्या महिन्यात.

नुसता टाळू दुभंगलेला असेल, तर तो सोनोग्राफीत सहसा दिसत नाही. म्हणून जन्मताच प्रत्येक बाळाचे तोंड उघडून उजेडात टाळू पाहून घ्यावा.

फट दिसली तर डॉक्टर हृदय, मेंदू व इतर अवयवही तपासतात. दुसरा दोष नसेल, तर उपचारानंतर मूल इतरांसारखेच वाढते. बाळंतपण कुठे करायचे, दूध कसे पाजायचे, हे आधीच ठरवता येते. टाळू दुभंगलेल्या बाळाला उभट धरून, आईचे काढलेले दूध वाटी-चमच्याने थोडे थोडे पाजावे. ओठाचे ऑपरेशन साधारण 3 ते 6 महिन्यांचे असताना होते, टाळूचे 9 ते 18 महिन्यांचे असताना. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत, आशाताईंना विचारा. मुलगा की मुलगी, हे मात्र विचारू नका. 1994 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

त्या बाळाचा ओठ आता शिवला आहे. टाळूचे ऑपरेशन बाकी आहे. त्याला आणि त्याच्या आईला प्रार्थनेत आठवा.