जागा अडल्या, की रांग लांबली?

2021 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांनी प्रवेशाचे निर्णय कळवले, तेव्हा फार गुणी मुलांच्या हाती नकार आला. हार्वर्डकडे 57,435 अर्ज आले होते आणि त्यांतल्या 1,968 जणांना होकार मिळाला. हे प्रमाण शंभरात साडेतीनपेक्षाही कमी. पालकांच्या गटांत आणि समुपदेशकांपुढे त्या वेळी एक कारण सतत ऐकू येत होतं: कोविडच्या वर्षी ज्यांनी प्रवेश घेऊन तो पुढे ढकलला, त्या मुलांनी आमच्या मुलांच्या जागा खाल्ल्या. नकार मिळालेल्या मुलाला धीर द्यायला हे कारण सोपं पडतं. पण त्यामुळे दोष भलत्याच मुलांच्या माथी बसतो, म्हणून त्याचा हिशेब नीट मांडायला हवा.

आपल्याकडे ‘ड्रॉप’ घेणारा मुलगा पुन्हा परीक्षेला बसतो आणि त्याच्या हाती काहीच नसतं. ‘डेफर’ करणाऱ्याची, म्हणजे मिळालेला प्रवेश पुढे ढकलणाऱ्याची जागा मात्र वर्षभर त्याच्या नावावर राहते. 2020 च्या उन्हाळ्यात हार्वर्डने सगळे वर्ग ऑनलाइन घ्यायचं ठरवलं, शिकवण्याची फी मात्र पूर्ण, म्हणजे 49,653 डॉलर ठेवली. परदेशी नवख्यांची अडचण त्याहून मोठी होती. संपूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्या नव्या विद्यार्थ्याला त्या सत्रात अमेरिकेत पाऊलच ठेवता येणार नव्हतं. अशा स्थितीत हार्वर्डच्या पहिल्या वर्षातल्या सुमारे 350 जणांनी वर्षभर थांबायचं ठरवलं. नेहमीचा वर्ग साधारण 1,650 चा असतो, म्हणजे पाचातला एक जण थांबला. पुढच्या तुकडीच्या पालकांना धडकी भरली ती यामुळेच, आणि त्यात नवल नव्हतं.

पण एक वर्ष मागे जाऊन पाहा. 2020 मध्ये हार्वर्डने 1,980 मुलांना होकार कळवला होता आणि 2021 मध्ये 1,968. फरक फक्त बारा होकारांचा. अर्ज मात्र 40,248 वरून 57,435 वर गेले. अर्ज आधीच्या वर्षाइतकेच आले असते, तर प्रमाण 4.9 टक्के, म्हणजे जवळपास पूर्वीइतकंच राहिलं असतं. आता उलटं करून पाहू. थांबलेल्या त्या 350 जागाही नव्या मुलांना दिल्या असं धरलं, तरी 57 हजारांच्या गर्दीत प्रमाण चार टक्क्यांच्या आसपासच अडकलं असतं. टक्का घसरला तो मुख्यतः अर्जांच्या लोंढ्यामुळे.

लोंढा आला कुठून? 2020 च्या वसंतात कॉलेजप्रवेशासाठीच्या सॅटच्या परीक्षा रद्द झाल्या, म्हणून बहुतेक कॉलेजांनी गुणांची अट सोडली. एरवी गुण पाहून मागे सरले असते अशा मुलांनीही मग मोठ्या नावांकडे अर्ज टाकले. कॉमन ॲप या सामाईक अर्जाच्या व्यवस्थेवरून एका मुलाला वीस कॉलेजांपर्यंत अर्ज करता येतात. त्या वर्षी तिथे अर्ज दहा टक्क्यांहून अधिक वाढले, पण अर्ज करणारी मुलं त्या मानाने अगदी थोडी वाढली. तेच विद्यार्थी अनेक रांगांत उभे होते आणि प्रत्येक कॉलेज आपापली रांग मोजत होतं.

थांबलेल्या मुलांची सोय कॉलेजांनी प्रामुख्याने वर्ग मोठा करून केली. हार्वर्डचा 2021 चा वर्ग 1,900 च्या वर गेला. येलमध्येही तीनशेहून अधिक जण थांबले होते, आणि तिथला 2021 चा वर्ग नेहमीच्या सुमारे 1,550 ऐवजी 1,800 च्या जवळ पोहोचला. भीती अगदीच निराधार होती, असंही मी म्हणणार नाही. हार्वर्डच्या लवकर अर्ज करणाऱ्यांसाठीच्या फेरीत 2019 मध्ये 895 जणांना होकार मिळाला होता. 2020 च्या हिवाळ्यात अर्ज दहा हजारांवर गेले असतानाही तो आकडा 747 वर आला. किती मुलं परततील याचा अंदाज घेत कॉलेजं त्या फेरीत हात राखून होती, असं माझं मत आहे.

भीती खरी ठरते ती जागा मुळातच बांधलेल्या असतात तिथे. इंग्लंडमधल्या वैद्यकीय जागांवर सरकारची मर्यादा असते, कारण रुग्णालयांतलं प्रशिक्षण हवं तितकं वाढवता येत नाही. परीक्षा न घेता शिक्षकांनी गुण दिले, त्यामुळे तिथल्या बारावीसारख्या ए-लेव्हलमध्ये वरच्या दोन श्रेणींचं प्रमाण 2019 मधल्या सुमारे 25 टक्क्यांवरून 2021 मध्ये 44.8 टक्क्यांवर गेलं. प्रवेशासाठी घातलेल्या गुणांच्या अटी पूर्ण करणारी मुलं जागांहून जास्त झाली. एक्झेटर विद्यापीठाने तर 2021 मध्ये वर्षभर थांबायला तयार होणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना दहा हजार पौंड देऊ केले. सरकारने काही जागा वाढवल्या, पण जे थांबले त्यांनी 2022 च्या जागा खरोखर व्यापल्या. त्या वर्षीच्या अर्जदारांची तक्रार रास्त आहे.

आपल्याकडे जेईई ॲडव्हान्स्डने मधला मार्ग काढला. नाव नोंदवूनही 2020 ची परीक्षा देऊ न शकलेल्यांना 2021 मध्ये थेट बसू दिलं, आणि तेही पात्र ठरणाऱ्या अडीच लाखांच्या यादीबाहेर. नव्या मुलांची परीक्षेला बसण्याची संधी त्यामुळे घटली नाही. आयआयटीतल्या जागांसाठी मात्र सगळे एकाच गुणवत्ता यादीत होते.

डेफर म्हणजे एक ईमेल पाठवायचं काम, हा समज एमएसला जाणाऱ्या मराठी मुलांत आजही आढळतो. कॉलेज नाही म्हणू शकतं, आणि शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी टिकेलच असं नाही. व्हिसासाठी लागणारं आय-20 नव्या तारखेचं घ्यावं लागतं. टोफेलचे गुण दोन वर्षं चालतात, जीआरईचे पाच. डेफरचा होकार लेखी हातात आल्याशिवाय दुसरी जागा सोडू नका.

सगळ्यात मोठा आणि मला सर्वाधिक बोचणारा गैरसमज वेगळाच आहे. 2020 मध्ये अमेरिकेत पहिल्या वर्षाचे प्रवेश 13 टक्क्यांनी घटले, तेव्हा ही सगळी मुलं वर्षभराने परततील असं धरलं गेलं. घट सर्वांत मोठी होती ती कम्युनिटी कॉलेजांत, 21 टक्के. कमी फीची ही कॉलेजं कामकरी घरांतल्या मुलांचा आधार. तिथे जवळपास कुणालाही प्रवेश मिळतो, त्यामुळे जागा राखून ठेवायचा प्रश्नच नसतो. त्या मुलांनी काहीही पुढे ढकललं नव्हतं. त्यांचं शिक्षण सुटलं होतं. ती परतली असती, तर 2021 मध्ये वर्ग ओसंडून वाहिले असते. प्रत्यक्षात त्या वर्षीही पहिल्या वर्षाचे प्रवेश 2019 पेक्षा नऊ टक्क्यांहून अधिक कमी राहिले. या मुलांनी कुणाचीही जागा अडवली नाही. त्यांच्या स्वतःच्या जागाच रिकाम्या राहिल्या.