जुन्या मोटरसायकलचा ताप

मांडवी-मिऱ्याकडील खारी हवा माणसांस मानवते. मोटरसायकलच्या तारांस मात्र ती मानवत नाहीं. जुन्या गाडीस जळका वास येऊं लागला, कीं बहुतेक घरांत नवा रेग्युलेटर आणण्याची घाई होते. आमच्या मतें ही घाई बरी नव्हे.

पुष्कळ गाड्यांत बॅटरीस नको असलेली वीज रेग्युलेटर स्वतःतूनच वळवितो. तेव्हां त्याचें तापणें स्वाभाविक आहे. तारांचा जोड, ज्यास मिस्त्री कपलर म्हणतात, तो तापणें हें मात्र दुखण्याचें लक्षण होय. खाऱ्या दमट हवेनें त्यांत हिरवा गंज चढतो, विजेस अडथळा होतो व तेथें उष्णता उत्पन्न होते. प्रवाह दुप्पट झाल्यास ती चौपट होते, हें जूल यांनीं १८४१ सालीं मांडलें आहे. असा जोड तसाच राहिला, तर नव्या रेग्युलेटरचा खर्च व्यर्थ जातो.

१२ व्होल्टच्या गाडीचें इंजिन थोडें वेगानें चालवून बॅटरीच्या टोकांस मीटर लावावा. सुमारें १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसल्यास चिंता नाहीं. आंकडा १५ च्या वर गेल्यास रेग्युलेटर तपासावा. १३ च्या खालीं राहिल्यास आधीं जोड पाहावेत. काळवंडलेला जोड घासून न भागवितां बदलावा.

जोडाचें प्लास्टिक वितळलें असेल, तर इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडावी आणि दुरुस्ती होईपर्यंत गाडी पडवींत ठेवूं नये. घर लांकडी असल्यास ही काळजी विशेष घ्यावी.