बांध नेमका कोठे आहे?

गेल्या सुगीत आमचे एक स्नेही आपल्या वडिलोपार्जित शेताच्या बांधावर उभे राहून मोबाइलमधील नकाशा न्याहाळीत होते. उपग्रहाने टिपलेल्या छायाचित्रावर कोणा हौशी तंत्रज्ञाने गावनकाशाच्या रेघा चढविल्या होत्या, आणि त्यांच्या गटाची उत्तरेकडील रेघ शेजाऱ्याच्या उसात चांगली पंधरा-सोळा फूट आत शिरलेली दिसत होती. शेजाऱ्याने बांध कोरला हा संशय त्यांच्या घरात दोन पिढ्या नांदत आलेला; त्याला आता प्रत्यक्ष आकाशातून साक्षीदार मिळाला, अशा समाधानाने त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. ती साक्ष कितपत ग्राह्य आहे हे बांधावर उभ्या उभ्या सांगणे मला साधले नाही. ते येथे सांगतो.

पंधरा-सोळा फूट म्हणजे सुमारे पाच मीटर, आणि उघड्या आकाशाखालीही साधारण मोबाइलची चूक जवळजवळ तेवढीच असते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह वेळेची खूण पाठवीत असतात, ती पोहोचण्यास किती काळ लागला यावरून यंत्र त्या त्या उपग्रहाचे अंतर काढते, आणि अशा किमान चार अंतरांच्या मेळातून आपले स्थान ठरविते. परंतु हा संदेश प्रकाशाच्या वेगाने धावत असल्यामुळे कालगणनेत सेकंदाच्या दशलक्षांश भागाची चूक झाली तरी अंतरात तीनशे मीटरांचा घोळ होतो, आणि वातावरणाच्या थरांतून येताना तो संदेश थोडाफार रेंगाळतोच. मे २००० च्या आरंभापर्यंत तर अमेरिकी सरकार लष्करी सावधगिरीपोटी या संदेशांत जाणूनबुजून खोट मिसळीत असे.

मोजणी खात्याचा भूकरमापक हल्ली काठीवर बसविलेले जे रोव्हर घेऊन शिवारात येतो, तेही याच उपग्रहांचे ऐकते; फरक असा की, ज्याचे स्थान आधीच काटेकोर ठाऊक आहे असे एक स्थिर केंद्र त्याच्या पाठीशी असते. त्या केंद्रास त्या क्षणी उपग्रहांकडून मिळणारे उत्तर आणि त्याचे खरे स्थान यांतील तफावत रोव्हरला तत्काळ कळविली जाते, आणि तेवढी वजावट करताच मीटरांची चूक काही सेंटिमीटरांवर येते. ज्या कामाला पूर्वी साखळी ओढणारे, झेंडी धरणारे आणि आखणी करणारे असा लवाजमा लागे, ते आता एकदोन माणसे उरकतात. मात्र डोंगराच्या कुशीत जेथे मोबाइलला रेंज नाही, तेथे दुरुस्तीचा निरोप येत नाही, आणि तो येत नाही तोवर हे महागडे यंत्रही आमच्या स्नेह्यांच्या मोबाइलचाच थोडा थोरला भाऊ ठरते.

तरीही या साऱ्यातून एवढेच कळते की अमुक बिंदू पृथ्वीवर अमुक ठिकाणी आहे. हद्दीचा बिंदू तोच काय, हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर आकाशात नसून तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातील जुन्या दप्तरात आहे. आपल्याकडील मोजणी-जमाबंदीचे मूळ १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी आरंभिलेल्या कामात सापडते. तेहतीस फुटांची, सोळा आण्यांत विभागलेली साखळी हे त्या मोजणीचे मुख्य हत्यार. गुंठा प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असतो; तो म्हणजे त्या एका साखळीचा चौरस, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानी नसते. सरकारास त्या काळी हद्दीपेक्षा आकाराची फिकीर अधिक होती. शेतसारा बसविण्यापुरते क्षेत्र निघाले, टिपणावर मापे चढली, शिवारात दगड पुरले गेले, की काम फत्ते.

नवलाची गोष्ट अशी की, याच देशात त्याहून कितीतरी सूक्ष्म असे दुसरे मापन त्यापूर्वीच सुरू झालेले होते. १८०२ साली मद्रासजवळ लॅम्बटन याने पहिली पायाभूत रेषा मोजली आणि अर्ध्या टनाचे कोनमापक यंत्र टेकडीटेकडीवर चढवीत त्रिकोणांचे जाळे उत्तरेकडे विणीत नेले. १८२३ च्या जानेवारीत याच कामावर असता तो वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे वारला, आणि तेथेच त्याची कबर आहे. परंतु पृथ्वीचा आकार शोधणारे ते जाळे आणि रयतेचे शेत मोजणारी ही साखळी यांची गाठ बहुधा पडलीच नाही. अक्षांश-रेखांशांशी नाते न जोडता प्रत्येक गावाचा नकाशा आपापल्या कागदावर स्वतंत्र राहिला.

ती गाठ मारण्याचे काम आज संगणकावर चालले आहे. जुना नकाशा स्कॅन करावयाचा, तिवठा, देवळाचा कोपरा, शाबूत असलेला हद्दीचा दगड अशा खुणांचे स्थान रोव्हरने घ्यावयाचे, आणि मग तो कागद ताणूनसैलावून त्या बिंदूंवर बसवावयाचा. शंभर पावसाळे खाल्लेला कागद सगळीकडे सारखा आखडलेला नसतो. शिवाय सेंटिमीटरास पन्नास मीटर या प्रमाणाच्या नकाशावर अर्ध्या मिलिमीटरची शाईची रेघ म्हणजेच जमिनीवर अडीच मीटरांचा पट्टा. आमच्या स्नेह्यांच्या मोबाइलात ही कागदाची चूक आणि ती आकाशाची चूक अशा दोघी बहिणी एकत्र नांदत होत्या. मोजणीचा अर्ज देऊन, मूळ टिपण काढवून, त्यातील मापे रोव्हरने शिवारात उतरविल्याखेरीज शेजाऱ्यावर आळ घेणे मला तरी अन्यायाचे वाटते.

गावठाणाची कथा याहून वेगळी. तेथे सारा नव्हता, म्हणून मोजणीही नव्हती. मोठ्या गावांत नगर भूमापन झाले. पण लहान गावांतील घरांच्या वाट्याला ग्रामपंचायतीच्या नमुना आठमधील कर-आकारणीची नोंद तेवढी आली, आणि तिने मालकी सिद्ध होत नाही. पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे प्रथम ड्रोन उडवून ही उणीव भरून काढण्याचा प्रयोग झाला, आणि एप्रिल २०२० पासून केंद्राच्या स्वामित्व योजनेने तो देशभर नेला. या योजनेचा नकाशा १:५०० प्रमाणाचा. वर सांगितलेली रेघ येथे पंचवीस सेंटिमीटरांवर येते.

ड्रोन येण्यापूर्वी प्रत्येक मिळकतीच्या कडेने चुन्याची फक्की टाकतात, आणि माझ्या मते सगळ्या योजनेचे मर्म त्या फक्कीत आहे. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला वळचण दिसते, तिच्या आत हात-दीड हात असलेली भिंत दिसत नाही. एक कौलारू छप्पर दिसते, त्याखाली दोन भावांत पडलेली वाटणी दिसत नाही. वळचणीचे पाणी कोणाच्या अंगणात पडावे यावरून ज्या गावांनी पिढ्यान् पिढ्या भांडणे केली, तेथे चुना दोन वीत इकडे की तिकडे याला किती महत्त्व आहे हे निराळे सांगावयास नको. चौकशी होऊन एकदा मिळकत पत्रिका निघाली की ती फक्कीच कायद्याच्या कागदावर उतरते.

म्हणून ज्यांच्या गावी हे काम अद्याप व्हावयाचे आहे आणि जे स्वतः पुण्या-मुंबईकडे राहतात, त्यांना एवढीच विनंती: चुन्याचा दिवस कळताच रजा काढून गावी जा, शेजाऱ्याला हाक मारून त्याच्या देखत रेघ ओढा, आणि ती मान्य नसेल तर आपली हरकत मुदतीत लेखी नोंदवा.