मेदशोषणानंतरचें घट्ट वस्त्र

बाळंतिणीचें पोट मऊ लुगड्याच्या पट्ट्यानें बांधण्याची चाल आपल्या घराघरांतून चालत आलेली आहे. जो अवयव एकाएकीं सैल पडला त्याला बाहेरून आधार द्यावा, हा त्यामागील साधा विचार. ज्या वस्त्राविषयीं आज बोलावयाचें आहे, त्याच्या मुळाशींही हाच विचार आहे. मात्र त्यांतील गुण आणि धोके दोन्ही अधिक बारकाईनें समजून घेतले पाहिजेत.

लायपोसक्शन म्हणजे त्वचेखालील चरबी नळीनें शोषून काढण्याची शस्त्रक्रिया. १९७० नंतरच्या दशकांत इटलींतील फिशर पितापुत्रांनीं तिचा पाया घातला. पॅरिसचे शल्यवैद्य इव्ह-जेरार इलूझ यांनीं १९७७ च्या सुमारास बोथट टोकाची नळी वापरण्यास आरंभ केला. पुढें १९८५ च्या सुमारास अमेरिकेंतील डॉक्टर जेफ्री क्लाइन यांनीं बधिर करणारें औषध पुष्कळ द्रवांत मिसळून तें आधीं चरबींत भरण्याची रीत घालून दिली, आणि रक्तस्राव बराच कमी झाला. लठ्ठपणाचा हा इलाज नव्हे, हें आरंभींच सांगून ठेवतों. शरीराच्या एखाद्या भागीं सांचलेली हट्टी चरबी काढून त्याला घाट देणें, एवढेंच त्याचें काम.

आतां नळी फिरून गेल्यावर आंत काय होतें तें पाहूं. चरबीच्या थरांत जागोजाग बोगदे पडतात. वरची त्वचा आणि खालचें स्नायूंचें आवरण यांमधील सांधा ढिला होतो. बारीक रक्तवाहिन्या दुखावल्यामुळें त्यांतून रक्तांतील पाणी पाझरूं लागतें, आणि तें त्या पोकळींत सांचतें. यालाच सेरोमा म्हणतात. सूज येते, कातडी काळीनिळी पडते.

केशवाहिनींतून पाणी बाहेर किती जावें व आंत किती यावें, हें दाबांच्या तोलावर अवलंबून असतें, असें इंग्रज शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनीं १८९६ मध्यें दाखवून दिलें. बाहेरून बेताचा दाब दिला कीं पाझरणें कमी होतें, आणि त्वचा खालच्या थराला चिकटून बसण्यास मदत होते. अमेरिकेंतील टोलेडो येथील अभियंते कॉनरॅड जोब्स्ट यांना पायांच्या शिरांचा विकार होता. तलावांत उभें राहिलें म्हणजे पायांना आराम पडतो, हें त्यांच्या ध्यानीं आलें. पाणी जितकें खोल तितका दाब अधिक. हेंच तत्त्व त्यांनीं पायमोज्यांत उतरविलें. मेदशोषणानंतरचीं घट्ट वस्त्रें याच घराण्यांतलीं.

परंतु दाब चांगला म्हणून अधिक दाब अधिक चांगला, असें मात्र नव्हे. केशवाहिनीच्या आरंभीं रक्ताचा दाब पाऱ्याच्या सुमारें ३२ मिलीमीटर असतो. त्याच्याहून अधिक दाब एकाच जागीं बराच वेळ राहिला, तर तेथील कातडीला रक्त पुरेनासें होतें. शिवाय कापडाचा ताण तोच असला, तरी बारीक घेरावर दाब जास्त पडतो. म्हणून वस्त्राची वळी कंबरेशीं किंवा जांघेशीं गोळा झाली, कीं ती दोरीप्रमाणें रुतते. पोट फार आवळलें तर पोटांतील दाब वाढून पायांकडून येणारें रक्त मंदावतें. अशा मंद रक्तांत गुठळी धरली आणि ती फुप्फुसांत गेली, तर प्राणावर बेततें. सुंदर दिसण्यासाठीं केलेल्या गोष्टीनें जीव धोक्यांत घालणें कोणासही परवडणारें नाहीं.

हें वस्त्र किती दिवस घालावें, याविषयीं शल्यवैद्यांचें एकमत नाहीं. पहिले कांहीं दिवस रात्रंदिवस, व एकंदर तीन ते सहा आठवडे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. पण आपल्या डॉक्टरांचा शब्द प्रमाण मानावा. वस्त्र अंगाच्या मापाचें असावें; आज सूज आहे म्हणून मोठें, किंवा लौकर बारीक दिसावें म्हणून लहान घेऊं नये. सुरकुत्या सारख्या कराव्या. दोन वस्त्रें असलीं म्हणजे एक धुतां येतें. प्रथम काढतांना घेरी येण्याचा संभव असतो. म्हणून तें बसून, घरांतील कोणाला तरी जवळ ठेवून काढावें. अंथरुणांत पडून न राहतां डॉक्टरांच्या सल्ल्यानें घरांतल्या घरांत चालत राहावें.

घरच्या मंडळींनीं कांहीं खुणा ध्यानांत ठेवाव्या. पोटरी एकाच बाजूस सुजून दुखणें, धाप लागणें, छातींत कळ येणें, बोटें निळीं पडणें, बधिरपणा वाढत जाणें, ताप भरणें, किंवा कातडी काळवंडून फोड येणें, यांपैकीं कांहींही दिसलें तर सकाळची वाट न पाहतां डॉक्टरांना गांठावें. धाप आणि छातींतील कळ यांना तर घटकाभराचाही विलंब नको. रुग्णाला थेट रुग्णालयांतच न्यावें.

शेवटीं एवढेंच, कीं हें वस्त्र चरबी वितळवीत नाहीं आणि वजनही उतरवीत नाहीं. सूज पुरती ओसरून खरा आकार दिसण्यास कित्येक महिने लागतात. तोंवर धीर धरावा लागतो, आणि तो धीर कोणत्याही कापडांत विणलेला मिळत नाहीं.