महाविद्यालयीन मुले लिहायला कशी शिकतात?

‘हल्लीच्या मुलांना धड लिहिता येत नाही,’ अशी खंत पालक आणि प्राध्यापक वारंवार व्यक्त करतात. परंतु महाविद्यालयात मुलांचे लेखन नेमके कसे घडते, याचा शोध आपण क्वचितच घेतो. अमेरिकेतील दोन विद्यापीठांनी तो चिकाटीने घेतला.

हार्वर्ड विद्यापीठात १९९७ साली दाखल झालेल्या चारशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या लेखनाचा मागोवा नॅन्सी सॉमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार वर्षे घेतला. शाळेत हुशार गणलेली मुले येथे नवखी ठरतात. विषय पुरता उमगण्याआधीच त्यांना त्यावर अधिकारवाणीने लिहावे लागते. साहजिकच ती तज्ज्ञांची मते व भाषा उसनी घेतात. पुढे त्या मतांना प्रश्न विचारण्याचे धैर्य त्यांच्यात हळूहळू येते. ही प्रगती सरळ रेषेत होत नाही. विचार कठीण झाला की वाक्ये काही काळ अडखळतात.

सर्वांत अधिक प्रगती कोणी केली? ज्यांनी आपले नवखेपण मनापासून स्वीकारले आणि ज्यांना लेखनात गुणांपलीकडचा हेतू गवसला, त्यांनी. केवळ गुणांसाठी लिहिणारे मागे राहिले. प्राध्यापकांनी समासात लिहिलेल्या अभिप्रायांचे मोलही या अभ्यासातून दिसले. आपले म्हणणे कोणीतरी गांभीर्याने वाचले, या जाणिवेने विद्यार्थ्यांना पुढे लिहिण्याचे बळ मिळाले.

स्टॅनफर्ड विद्यापीठात अँड्रिया लन्सफर्ड यांनी २००१ ते २००६ या काळात १८९ विद्यार्थ्यांचे १४,००० हून अधिक लेखननमुने जमविले. त्यांत निबंधांबरोबर पत्रे, ई-मेल, रोजनिशी असे वर्गाबाहेरचे लेखनही विपुल होते. ज्या लेखनातून प्रत्यक्ष काही घडून येते, कोणावर तरी परिणाम होतो, ते लेखन या विद्यार्थ्यांना विशेष मोलाचे वाटे.

हे निष्कर्ष परदेशातील असले, तरी आपल्याला विचार करायला लावणारे आहेत. आपल्याकडील अनेक मुले दहावीपर्यंत मराठी माध्यमातून शिकतात आणि महाविद्यालयात एकदम इंग्रजीतून लिहू लागतात. त्यांचे नवखेपण दुहेरी असते: विषयही नवा आणि भाषाही परकी. अशा वेळी पहिल्याच चुकीला हसू झाले, तर ते मूल मार्गदर्शकातील तयार उत्तरे पाठ करण्याकडे वळते. परीक्षेत ते उत्तीर्ण होते. परंतु स्वतःचे म्हणणे मांडण्याची सवय त्याला लागत नाही.

म्हणून आपण पालकांनी व शिक्षकांनी मुलांचे लिखाण हाती घेतल्यावर शुद्धलेखनाच्या चुका दाखविण्याआधी एक प्रश्न विचारावा: ‘तुला यात काय सांगायचे आहे?’ उत्तर मराठीत आले तरी चालेल. विचार एकदा स्पष्ट झाला की योग्य शब्द शोधण्याची उमेद मुलांना आपोआप येते.