जोडून केलेला संघाचा फोटो खोटा असतो का?

संघातल्या प्रत्येक मुलाचा वेगळा फोटो काढायचा आणि मग सगळ्यांना संगणकावर एकाच चौकटीत शेजारी शेजारी उभे करायचे, ही पद्धत अमेरिका-कॅनडातल्या मुलांच्या क्रीडास्पर्धांत आता चांगलीच रुळली आहे. आपल्याकडे मात्र ‘जोडलेला फोटो’ म्हटले की कपाळाला आठ्या पडतात. चौकातल्या फ्लेक्सवर भलत्याच धडावर बसवलेले चेहरे पाहून तयार झालेला तो संशय अगदीच निराधार नाही. तरीही त्यात एक गफलत आहे. फोटो किती तुकड्यांचा आहे, यावरून त्याचा खरेखोटेपणा ठरत नाही. तो काय सांगतो आणि ते सांगताना कोणती मापे पाळतो, यावरून ठरतो.

हे सगळे फोटोशॉपने सुरू केले, असे अनेकांना वाटते. फोटोशॉप 1990 साली बाजारात आले आणि त्यात लेअरची सोय झाली ती 1994 मध्ये. त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, 1857 साली, ऑस्कर रेजलँडरने तीसहून अधिक निगेटिव्ह जोडून एकच मोठे छायाचित्र केले होते. खेळाशी थेट नाते असलेले उदाहरण मॉन्ट्रियलच्या विल्यम नॉटमन यांचे आहे. 1870 मध्ये तिथल्या व्हिक्टोरिया रिंकवर झालेल्या स्केटिंग कार्निव्हलचे चित्र त्यांनी करायला घेतले. त्या काळच्या निगेटिव्हच्या काचा इतक्या मंद होत्या की घसरत्या, हलत्या गर्दीचा रिंकवर फोटो निघणे शक्यच नव्हते. म्हणून लोकांना आपापल्या वेशात स्टुडिओत बोलावले, त्यांचे फोटो कात्रीने कापून रंगवलेल्या रिंकवर चिकटवले आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो काढला. शेकडो माणसे अशी एका बर्फावर आली. पुढे स्नोशू क्लबांचीही अशीच चित्रे त्यांच्या स्टुडिओत झाली.

काचा मंद होत्या ही अडचण आता उरलेली नाही, मग हा खटाटोप कशाला? साधा हिशेब करून पाहा. एखाद्या मुलाचे डोळे दहातल्या नऊ फोटोंत उघडे असतात असे धरले, तर पंधराच्या पंधरा मुलांचे डोळे एकाच वेळी उघडे सापडण्याची शक्यता जेमतेम पाचात एक उरते. त्यात मागच्या रांगेतला कोणीतरी भलतीकडे बघत असतो आणि एक जण तापाने घरी असतो. गैरहजर मुलाला चित्रात आणणे ही फसवणूकच, असा आक्षेप इथे येतो. बातमीच्या फोटोला तो पूर्णपणे लागू आहे. वृत्तछायाचित्र ‘हे या क्षणी घडले’ असे सांगते, तिथे माणूस वाढवणे अक्षम्य. पण संघाचा फोटो ‘या हंगामात आमच्यात हे होते’ एवढेच सांगतो. जुन्या ग्रुप फोटोंत गैरहजर गड्याचा चेहरा वरच्या कोपऱ्यात चौकट करून लावत असत. त्याला कोणी लबाडी म्हटले नाही, कारण ती यादी खरी होती.

सर्वांत महाग पडणारा गैरसमज वेगळाच आहे, आणि तो फोटोग्राफरांमध्येही आढळतो: कसाही काढा, नंतर संगणकावर बघून घेऊ. प्रत्यक्षात फोटो बिघडतो तो मैदानावर. कॅमेरा ट्रायपॉडवर एकाच उंचीला, लेन्स तीच, मुलाने उभे राहायच्या जागेवर चिकटपट्टीची खूण. एवढे पाळले तरच ठेंगणा ठेंगणा दिसतो आणि उंच उंच. प्रत्येकाला चौकटभर मोठे करून टिपले की दहा वर्षांचा यष्टिरक्षक चौदा वर्षांच्या गोलंदाजाच्या खांद्याला खांदा लावतो, आणि त्यांची खरी उंची कोणती, ते नंतर कोणालाच सांगता येत नाही. मागच्या मैदानाचेही तसेच. कॅमेरा जमिनीपासून एक मीटरवर असेल, तर सपाट मैदानाचे क्षितिज प्रत्येक उभ्या खेळाडूला पावलांपासून एक मीटरवरच छेदायला हवे. ते चुकले की मुले तरंगताना दिसतात. पाहणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकते. हिरवा पडदा सक्तीचा असतो हीही समजूतच. त्याचा हिरवा उजेड केसांवर आणि पांढऱ्या जर्सीच्या कडांवर चढतो आणि पुसता पुसता नाकी नऊ येतात. मूल पडद्यापासून लांब उभे केले तर हा त्रास कमी होतो, आणि साधा राखाडी पडदा अनेकदा जास्त सोयीचा पडतो. शिवाय बुटांखालची सावली कापून फेकली, तर ती पुन्हा हाताने घालावी लागते. घाईत नेमकी तीच राहून जाते.

एक आक्षेप मात्र मान्य करावा लागतो. एकमेकांच्या गळ्यात हात टाकून खिदळणारी पोरे वेगवेगळ्या फोटोंतून जोडता येत नाहीत. सगळे हजर असतील, तर साधा ग्रुप फोटोही जरूर काढावा. जोडफोटो त्याची जागा घेऊ शकत नाही. आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे ॲप मिटलेले डोळे उघडून देते, हसूही आणून देते. तिथे माझ्या मते रेघ ओढायला हवी. नॉटमन यांच्या कात्रीने माणसांची जागा बदलली होती, चेहरे त्यांचेच ठेवले होते. यंत्राने रचलेले डोळे त्या मुलाचे नसतात. शिवाय मुलांचे फोटो परक्या सर्व्हरवर चढवणे हा नुसता तांत्रिक मामला नाही: भारताचा 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. नावांच्या ओळीखाली ‘स्वतंत्र फोटो जोडून तयार केलेले चित्र’ एवढे छापायला तर खर्चही येत नाही.