जोडून सुटणाऱ्या गाड्या

खेड्यातून शहराकडे निघालेल्या उतारूचा कितीतरी वेळ प्रवासात नव्हे, तर वाट पाहण्यात जातो. गावची मोटार स्टेशनावर पोहोचावी आणि आगगाडी नुकतीच सुटलेली असावी, हा अनुभव कोणाला नवा आहे? गाड्या पुष्कळ असूनही त्यांची एकमेकींशी ओळख नसली, म्हणजे असे होते.

डोंगराळ स्वित्झर्लंडने यावर काढलेली युक्ती पाहण्यासारखी आहे. 1982 मध्ये तेथील रेल्वेने देशभर एकच ठेका धरला. 8 वाजून 2 मिनिटांनी सुटणारी गाडी 9 वाजून 2 मिनिटांनीही सुटते आणि पुढे दर तासाला तशीच सुटत राहते. मोठ्या जंक्शनांवर तासाचा ठोका पडण्यापूर्वी चहूकडच्या गाड्या येऊन उभ्या राहतात. खेड्यापाड्यांतील पिवळ्या टपाल-मोटारीही याच हिशेबाने स्टेशनाच्या दाराशी येतात. (एके काळी हे काम घोड्यांच्या टपालगाड्या करीत.) उतारू गाडी बदलतात आणि ठोका पडून गेल्यावर साऱ्या गाड्या आपापल्या वाटेने निघतात. बाजारात माणसे जमावीत व पांगावीत, तसाच हा प्रकार. मात्र हा बाजार तासातासाला भरतो.

ही भेट साधायची, तर दोन जंक्शनांमधील प्रवास तासाहून किंचित कमी वेळात व्हावा लागतो. झुरिक ते बर्न या प्रवासाला तासाहून थोडा अधिक वेळ लागे. तेवढ्यानेच जोड चुकत असे. लोकांनी 1987 मध्ये मतदानाने सुधारणेला संमती दिली. सुमारे 45 किलोमीटरचा नवा लोहमार्ग झाला आणि डिसेंबर 2004 पासून हा प्रवास 56 मिनिटांवर आला. याहून अधिक वेगाचा हव्यास धरला गेला नाही. चाळीस मिनिटांत पोहोचून पुढच्या गाडीसाठी वीस मिनिटे खोळंबायचे, तर त्या वेगाचा उपयोग काय?

झुरिक प्रांतात तर 1990 पासून शहराची ट्राम, उपनगरांची आगगाडी व खेड्याची मोटार यांना एकच तिकीट चालते. लहान गावांच्या मोटारींचा खर्च तिकिटांतून निघत नाही. ती तूट प्रांत आणि त्यातील गावे निम्मी-निम्मी सोसतात. म्हणूनच आडगावची मोटार बंद पडत नाही.

या व्यवस्थेत एक नाजूक जागा आहे. एक आगगाडी उशिरा आली, की तिच्यासाठी मोटार थांबवावी, की पुढच्या थांब्यांवर ताटकळणाऱ्यांसाठी ती सोडावी, हा पेच पडतो. रात्रीच्या शेवटच्या मोटारीच्या बाबतीत तो अधिकच कठीण असतो. कारण ती सुटली, तर मागे राहिलेल्या उतारूला सकाळपर्यंत दुसरी मोटार नसते.